आई घरी नाही

चहा येईपर्यंत सिनेमाबद्दल कुणी बोलायचं नाही, असा आमचा नियम होता. त्या रविवारी चहा आला, भडंगाच्या बशा आल्या, तरी कुणी तोंड उघडेना. ज्याचा सिनेमा बघून आलो होतो, तोच समोर बसला होता.

"अरे, बोला की," प्रसन्न म्हणाला. "मुद्दाम पुण्याहून आलोय. बाकीचे सगळे गोडच बोलतात. तुम्ही खरं सांगा. नेहमीसारखं."

नेहमीसारखं म्हणजे निर्दयपणे. सांगलीत आम्ही चौघं जवळजवळ दर रविवारी दुपारचा खेळ बघायचो आणि मग विश्रामबागेतल्या या हॉटेलात बसून त्याची चिरफाड करायचो. अल्ताफ मुजावरचं चष्म्याचं दुकान होतं. कुठल्याही सिनेमात त्याला पहिल्यांदा नटाची खोटी काच दिसायची. नंदिनी गोसावी बँकेत होती, रडायला तयार होऊनच यायची. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. आणि प्रसन्न आवटी, एका स्थानिक दैनिकात उपसंपादक. म्हणजे पूर्वी. मग तो पुण्याला गेला, मालिकांचे संवाद लिहायला लागला, आणि आता त्याने लिहिलेला पहिला सिनेमा लागला होता. पोस्टरवर दिग्दर्शकाच्या खाली, बारीक अक्षरांत का होईना, त्याचं नाव होतं. अल्ताफने त्या पोस्टरसमोर उभं करून आमचे फोटो काढले होते. त्या फोटोंत मी हसतेय. सिनेमा सुरू व्हायच्या आधीचे आहेत ते.

"मी सांगतो," अल्ताफ म्हणाला. "इंटरव्हलपर्यंत एक नंबर. नंतर लई ताणलंय. ती आई सारखी साधूंच्या मागं काय फिरते? एकदा दाखवलं, कळलं. तीन-तीनदा कशाला?"

"ए, गप रे," नंदिनी म्हणाली. तिचे डोळे अजून लाल होते. "तेच तर भारी आहे. नमस्काराला वाकते आणि पायांकडे न बघता तोंडाकडे बघते. माझा मुलगा आहे का, म्हणून. बाई गं! हे तुला सुचलं कसं रे, प्रसन्न?"

प्रसन्नने भडंगातला एक शेंगदाणा उचलला. "सुचतं," तो म्हणाला.

"आणि ते दार! घर बदलताना जुन्या घराच्या दारावर नव्या घराचा पत्ता ऑइलपेंटने लिहून ठेवते. पोरगा आला तर कुठं शोधेल, म्हणून. मी तिथं जी रडायला लागले ती शेवटपर्यंत."

"ते दार चांगलं आहे," अल्ताफने कबूल केलं. "पण खरी कमाल त्या बहिणीची. काय हलकट बाई दाखवलीय रे!"

"डोक्यात जाते," नंदिनी म्हणाली. "इतक्या दिवसांनी भावाचा फोन येतो, 'आईला दे' म्हणतो, आई मागं परसात धान्य निवडतेय, आणि ही म्हणते, 'आई घरी नाही.' आणि ठेवते फोन! उठून पडद्यावर जाऊन एक द्यावीशी वाटली मला."

"माझ्या शेजारच्या माणसानं शिवी हासडली की तिला," अल्ताफ हसत म्हणाला. "मोठ्यांदा."

"डोक्यात जायलाच हवी ती," प्रसन्न म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "तिथं सिनेमा उभा राहतो."

मग तो माझ्याकडे वळला. थिएटरातून बाहेर पडल्यापासून पहिल्यांदाच.

"सुनेत्रा, तू काहीच बोलली नाहीस."

"फोन कुठून आणलास?" मी विचारलं.

अल्ताफला वाटलं, मी सामानाबद्दल विचारतेय. "होय की, तो जुना काळा फोन. त्या काळात आपल्याकडं बटणाचे आले होते."

"तो लागतोच," प्रसन्न मला म्हणाला. "त्याच्याशिवाय गोष्टच होत नाही. नाहीतर मुलगा नुसता घरातून निघून जातो. लोक विचारणार, का? परत का नाही आला?"

"त्याला उत्तर नसतं."

"पडद्यावर लागतं, सुनेत्रा."

मी चहा संपवला. डोकं दुखतंय म्हणून उठले. मागून नंदिनीचं बोलणं ऐकू आलं, "हिला आवडला नाही वाटतं. हिला मेलीला काहीच आवडत नाही."

त्या दोघांना माहीत नव्हतं, कारण मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

आम्ही मूळचे निपाणीचे. माझा धाकटा भाऊ श्रेणिक एकोणीस वर्षांचा असताना एका सकाळी जेवून उठला आणि "शिंप्याकडं पँट टाकून येतो" म्हणून बाहेर पडला. भांडण नव्हतं. परीक्षेत नापास झाला नव्हता. प्रेमाबिमाची भानगड निघाली नाही. पँट शिंप्याकडे पोचली होती, माप लिहिलेलं होतं. श्रेणिक पुढे कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. पोलीस झाले, वर्तमानपत्रात फोटो झाले, ज्योतिषी झाले. दादा, म्हणजे आमचे वडील, त्या धक्क्याने अंथरुणाला खिळले आणि गेले. मला सांगलीत नोकरी लागली तेव्हा आई घर सोडायला तयार होईना. शेवटी तिने पेंटर बोलावला आणि बंद घराच्या दारावर सांगलीचा पत्ता लिहून घेतला. हिरव्या दारावर पांढऱ्या अक्षरांत.

आम्ही जैन. आमच्यात कुणी कुणी संसार सोडून दीक्षा घेतो, मुनी होतो. श्रेणिकनेही तसंच केलं असेल, असं आईने कधीतरी मनाशी ठरवून टाकलं. मुनींचा संघ आसपास कुठेही आला की ती दर्शनाला जायची. रांगेत उभी राहायची आणि एकेकाचं तोंड बघायची. मी दोन-तीनदा बरोबर गेले, मग जाणं सोडलं. ते तोंड बघणं मला बघवायचं नाही.

सांगलीत कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, मुलगा बेंगळुरूला असतो. आईनेच ठरवलं होतं ते. खोटं बोलायची तिची ही एकच जागा.

मी हे फक्त प्रसन्नला सांगितलं. तेही एका सिनेमामुळेच. लहानपणी ताटातूट झालेले दोन भाऊ शेवटी मारामारी करता करता एकमेकांना ओळखतात, अशातलाच एक. हॉटेलात बसून अल्ताफ म्हणाला होता, "हरवलेला भाऊ सापडायचा, हे आता कायद्यानं बंद करायला पाहिजे." नंदिनीला हसून हसून ठसका लागला. मीही हसले असेन, पण प्रसन्नच्या लक्षात आलं. घरी जाताना त्याने गाडी कृष्णेच्या घाटाकडे वळवली आणि विचारलं, "काय झालं?" ऊन उतरायला लागलं होतं. पायऱ्यांवर बायका गोधड्या धूत होत्या. मी सगळं सांगितलं. शिंपी, दार, मुनींची तोंडं, सगळं. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू हे एकटीनं वागवतेस?" असं म्हणाला. इतकी वर्षं मला असं कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर तो घरी यायला लागला. आईला तो आवडायचा. सूर्य मावळायच्या आत आमच्याकडे जेवणं उरकतात, त्या वेळेला तो बरोबर यायचा आणि आई त्याला ताटावर बसवायची. एकदा ती मला म्हणाली, "पोरगा चांगला आहे. आपल्यातला नाही, पण चांगला आहे." मनात मीही तेच म्हणत होते, हे आता सांगायला हरकत नाही. मग तो पुण्याला गेला. फोन कमी झाले. मी समजले, काम असेल. काम होतंच.

हॉटेलातून उठून मी घरी आले तेव्हा आई दारातच होती.

"बघितलास? कसा आहे प्रसन्नचा सिनेमा? काल त्याचा फोन आला होता मला. म्हणाला, काकू, तुम्ही बघायलाच हवा, तुमचा आशीर्वाद पाहिजे."

"काही खास नाही," मी म्हणाले. "लांबण लावलीय. तुला कंटाळा येईल."

"येऊ दे. आपल्या हातचं जेवलेल्या पोराचा आहे. कंटाळा आला तरी बघीन."

"आई, नको. खरंच वाईट आहे."

तिने माझ्याकडे जरा रागानेच बघितलं. मी त्याच्यावर जळते असं तिला वाटलं असेल. संध्याकाळी मी प्रसन्नला फोन केला आणि सांगितलं, काय करायचं ते कर, पण आईला हे बघायला लावू नकोस. तो म्हणाला, "अगं, काकूंना बरं वाटेल. त्यांचं दुःख कुणीतरी जगापुढं मांडलं."

"आणि माझं काय मांडलंस?"

"ती तू नाहीस, सुनेत्रा. ती एक व्यक्तिरेखा आहे." मग जरा थांबून, समजूत घालावी तसं म्हणाला, "तुला मी नाव वेगळं दिलंय."

गुरुवारी कॉलेजात परीक्षा होती. पर्यवेक्षण संपवून मी घरी आले तर दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, तुमच्या बँकेतल्या मैत्रिणीबरोबर गेल्यात, रिक्षानं. मी तशीच थिएटरकडे धावले. पोचले तेव्हा खेळ सुटला होता आणि माणसं बाहेर पडत होती. डोळे पुसत, मोबाइल चालू करत, कुठे काय खायचं ते ठरवत. त्यांच्यामागून नंदिनी आईचा हात धरून जिना उतरत होती. नंदिनीचा चेहरा पांढरा पडला होता.

आईने मला बघितलं आणि रिक्षात जाऊन बसली.

नंदिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुनेत्रा, मला खरंच माहीत नव्हतं. प्रसन्न म्हणाला, काकूंना घेऊन जा, सुनेत्राला वेळ नसतो. ते दार आलं ना पडद्यावर, तेव्हा काकू मोठ्यानं म्हणाल्या, 'हे आमचं आहे.' सगळी माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं, बोलताहेत आपल्या काहीतरी. मग कळलं मला." तिने माझा हात धरला. "आणि रविवारी मी काय काय बोलले गं तुला."

"मला नव्हे," मी म्हणाले. "पडद्यावरच्या तिला."

मला तेव्हा वाटत होतं, आईला धक्का बसला असेल तो घरातलं दुःख पडद्यावर आल्याचा. मी ते कुणाला तरी सांगितल्याचा. ती रागावेल, रडेल, दोन दिवस बोलणार नाही. रिक्षात मी मनाशी तयारी करत होते. माफी कशी मागायची, काय म्हणायचं.

घरी आल्यावर ती चटईवर बसली. मी पाणी दिलं. तिने भांडं हातात धरलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"फोन आला तेव्हा मी कुठं होते गं?"

मी तिच्यासमोर खाली बसले.

"खरंच परसात होते? का बस्तीत, देवळात गेले होते?"

"आई, फोन आलाच नव्हता. कधीच आला नव्हता. ते प्रसन्नने मनाने घातलंय."

"त्याला सगळं तू सांगितलंस ना?"

"होय. पण फोनचं नाही. फोन नव्हताच, तर सांगू कशी?"

"शिंप्याचं तू सांगितलंस. दाराचं सांगितलंस. मी मुनींची तोंडं बघते, ते सांगितलंस. तुझे दादा जाताना काय बोलले, तेसुद्धा सांगितलंस." ती एकेक गोष्ट शांतपणे ठेवत होती. "बाकी सगळं खरं होतं की गं, सुनेत्रा. शब्दाला शब्द. मग तेवढंच एक खोटं कसं असेल?"

मी काय काय सांगितलं तिला! सिनेमे असेच बनतात, म्हणाले. आत्ताच्या आत्ता शपथ घेते, म्हणाले. देवाची, दादांची, तिची. ओरडले, रडले. तिने मला थोपवलं नाही की उलट बोलली नाही. मी थकल्यावर म्हणाली, "तेव्हा तू चिडलेली होतीस त्याच्यावर. त्याच्यापायी तुझं ठरलेलं लग्न मोडलं. मला आठवतंय."

ते मात्र खरं होतं. भाऊ बेपत्ता झाला म्हटल्यावर मुलाकडच्यांनी नकार कळवला होता आणि मी चिडले होते. हेही मी घाटावर प्रसन्नला सांगितलं होतं. सिनेमात त्या बहिणीचंही लग्न मोडलेलं होतं.

आता एकच माणूस हे निस्तरू शकत होता. मी पुण्याला फोन केला. आधी प्रसन्न टाळत होता. मुलाखती होत्या, कुठल्याशा महोत्सवाला सिनेमा जाणार होता. मी अल्ताफला सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी त्याने दुकानाचं शटर ओढलं, गाडी काढली आणि प्रसन्नला पुण्याहून घेऊन आला. वाटेत त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही, असं त्याने मला नंतर सांगितलं. अल्ताफ घरात आला नाही. फाटकाशी उभा राहिला.

दुपारचे चार वाजले असतील. प्रसन्न आईच्या पाया पडला आणि खुर्चीत अवघडून बसला. मी त्याला आधीच बजावलं होतं, एकच वाक्य बोलायचं आहे. काकू, तो फोन मी खोटा लिहिला. बस्स.

"काकू," त्याने सुरुवात केली, "तुम्हाला त्रास झाला, ऐकलं. माझा तसा हेतू नव्हता."

"त्रास कसला," आई म्हणाली. "तू चांगलं लिहिलंस. मला एवढंच सांग, तो फोन."

प्रसन्नने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "सांग."

"काकू, लिहिणाऱ्याचं असं असतं," तो म्हणाला, "की खरं काय आणि खोटं काय, हे वेगळं काढून दाखवता येत नाही."

"प्रसन्न, नीट सांग," मी म्हणाले. "तू तो मनाने घातलास."

"मनाने म्हणजे..." त्याने दोन्ही हात पुढे केले, तळव्यावर काहीतरी नाजूक धरल्यासारखे. आदल्याच दिवशी एका मुलाखतीत त्याला मी असे हात करताना बघितलं होतं. "मनाने म्हणजे मी उगीच रचलं, असं नाही, काकू. सुनेत्रा मला सांगत होती ना, तेव्हाच मला तो फोन ऐकू आला. तिने शब्दांत सांगितला नसेल. पण तिच्या बोलण्यात तो होता. मी फक्त ऐकला."

आई मान हलवत होती. तिला कळत होतं. म्हणजे जे कळायचं ते कळत होतं.

"खोटं आहे म्हण," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तेवढाच एक शब्द म्हण. खोटं."

प्रसन्नने पुढे केलेले हात मागे घेतले. त्याला माझ्याबद्दल वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. अगदी घाटावर वाटलं होतं तसंच. पण सगळ्या सिनेमात तेवढा एकच प्रसंग त्याचा स्वतःचा होता. बाकी सगळा आमचा होता. तेवढा एक त्याला खोटा म्हणवला नाही.

आई उठली, आत गेली. बाहेर येताना तिच्या हातात ताटली होती. शेंगापोळी, वर तुपाची धार. त्याला आवडायची.

"खा, बाळा," ती म्हणाली. "तू निदान सांगितलंस. नाहीतर मी तशीच मेले असते."

आणि प्रसन्नने ताटली घेतली. मान खाली घालून, सावकाश, सगळी पोळी खाल्ली.

त्या दिवाळीनंतर आई निपाणीला राहायला गेली. भांडून नाही. घर बंद राहिलं की वाळवी लागते, एवढंच म्हणाली. मुनींच्या दर्शनाला जाणं तिने बंद केलं. मुलाने एकदा फोन करून बघितला, आता तो परत करणार नाही, असं तिने शेजारणीला सांगितलं होतं. ते मला खूप पुढे कळलं. मला ती कधी एका शब्दाने टाकून बोलली नाही.

आमचे रविवार संपले. नंदिनीची बदली झाली. अल्ताफ भेटतो, चष्मा बदलायला मी त्याच्याचकडे जाते. सिनेमाबद्दल आम्ही बोलत नाही. प्रसन्नच्या सिनेमाला पटकथेसाठी बक्षीस मिळालं, तेव्हा पेपरात त्या फोनच्या प्रसंगाचं खास कौतुक आलं होतं.

आई होती तोवर मी दर महिन्याला निपाणीला जात राहिले. जवळ राहायला जावं म्हणून बदलीचा अर्जही केला, पण आईच म्हणाली, नको, तुझं तिकडं बरं चाललंय. मी गेले की ती दार उघडायची, बाहेरच्या खोलीतली खुर्ची पदराने पुसायची आणि मला बसायला सांगायची. प्रवास कसा झाला, विचारायची. आणि मी मदतीला म्हणून स्वयंपाकघराकडे निघाले की वाटेत उभी राहून म्हणायची,

"तू बस. मी आणते बाहेर."